लहान शहरें आणि बाहेरचा मनुष्य

परप्रांतीयांच्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा मुंबईपासून सुरू होते आणि मुंबईंतच संपते. उत्तरेकडून येणारी प्रत्येक आगगाडी जणूं दादरलाच रिकामी होते, अशी आपल्या पंडितांची समजूत दिसते. वस्तुतः इचलकरंजीचे यंत्रमाग, जालन्याच्या लोखंडाच्या भट्ट्या, सोलापूरची चादर, मालेगांवचें लुगडें यांच्यामागें बाहेरून आलेले हात आहेत, आणि कांहीं ठिकाणीं ते शंभर-दीडशें वर्षांपासून आहेत. मुंबईसारख्या महानगरांत परका मनुष्य गर्दींत बुडून जातो. तो कोठें निजतो, काय खातो, याची चौकशी करण्याचें कोणास कारण पडत नाहीं. दोन-तीन लाखांच्या गांवांत तसें होत नाहीं. तेथें तो आपल्याच आळींत भाड्यानें राहतो, आपल्याच वाण्याकडे तेल-मीठ घेतो, आणि त्याचें मूल शाळेंत गेलेंच तर आपल्या मुलाच्या शेजारीं बसतें. म्हणून हा प्रश्न खरोखर कोणाचा असेल तर तो लहान शहरांचा आहे, आणि त्या शहरांतील आम्हां सुशिक्षितांचा आहे.

या प्रश्नावर सध्यां दोन पक्ष मोठ्या आवाजानें बोलत असतात. पहिल्याचें म्हणणें असें कीं, येथें राहावयाचें तर मराठी बोला, नाहींतर आल्या वाटेनें परत जा. हा पक्ष दुकानांच्या पाट्या मोजतो आणि प्रसंगीं हातही उगारतो. दुसरा पक्ष सभ्य आहे. त्याला विविधतेचें फार कौतुक. तो प्रजासत्ताकदिनीं नगरभवनांत निरनिराळ्या प्रांतांच्या नृत्यांचा कार्यक्रम करतो, छठपूजेला तळ्याकांठीं दिवे लावून देतो, लिट्टी-चोख्याचा मांडव घालतो, आणि नगरसेवकांचीं छायाचित्रें काढून झालीं कीं घरीं जातो. युरोपच्या परिषदेनें २००८ सालीं ‘आंतरसांस्कृतिक शहरें’ या अर्थाच्या नांवाची एक योजना काढली व तिच्यांत कितीतरी लहान नगरपालिकाही सामील झाल्या. त्या योजनेचा गाभा असा कीं, शाळा, घरें, बाजार, ग्रंथालय अशा प्रत्येक खात्यानें आपलें काम नवागतापर्यंत पोंचतें कीं नाहीं हें तपासावें. आमच्याकडे विविधतेच्या कल्पनेपैकीं मांडव तेवढा आला. खातीं जशींच्या तशीं राहिलीं.

आमचें म्हणणें या दोन्ही पक्षांच्या विरुद्ध आहे. पहिला ‘मिसळा’ म्हणून ओरडतो आणि मिसळण्याचीं दारें बंद ठेवतो. दुसरा दारावर तोरण बांधतो, पण कडी काढीत नाहीं.

मराठीविषयींची चिंता आम्ही हास्यास्पद मानतों असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. पहिलीपासून हिंदी आणण्याचा २०२५ सालचा सरकारी बेत लोकमतानें त्याच वर्षीं जूनअखेर मागें घेण्यास लावला, हें योग्यच झालें. पण तो बेत मंत्रालयांत शिजला होता. इचलकरंजीच्या मागावर रात्रपाळी करणाऱ्या, बलियाहून आलेल्या मनुष्याचा त्यांत काडीइतका हात नव्हता. मराठी शाळांचे वर्ग ओस पडले ते त्यानें पाडले नाहींत. आमच्या वर्गानें आपलीं मुलें इंग्रजी शाळांत नेऊन घातलीं म्हणून पडले. एकाचा राग दुसऱ्यावर काढण्याचा हा प्रकार सासूचा राग वड्यावर निघावा तशांतला आहे.

सोलापूरचें उदाहरण घ्या. १८७६ ते १८७८ या काळांत दक्षिणेंत भयंकर दुष्काळ पडला, आणि त्याच सुमारास, १८७७ सालीं, सोलापुरांत कापडाची पहिली गिरणी सुरू झाली. आगगाडी तेथें अगोदरच पोंचली होती. निजामाच्या राज्यांतील तेलंगणाच्या गांवांतून पद्मशाली विणकरांचीं कुटुंबेंच्या कुटुंबें सोलापुरास येत राहिलीं. त्यांची भाषा तेलुगु, आराध्य मार्कंडेय ऋषि, जेवणाखाण्याची रीत निराळी. गांवाच्या पूर्वेस त्यांची वस्ती झाली. आजही सोलापुरांत ‘पूर्व भाग’ म्हटलें कीं कोणता समाज अभिप्रेत आहे हें कोणास सांगावें लागत नाहीं. पुरुष गिरणींत किंवा मागावर, बायका विड्या वळण्यास, असा संसार चालला. ज्या सोलापुरी चादरीचा आपण महाराष्ट्राची वस्तु म्हणून पाहुण्यांपुढें अभिमान मिरवतों, ती बव्हंशीं या तेलुगु बोलणाऱ्या हातांची आहे. नारळी पौर्णिमेस मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हां तो साऱ्या शहराचा उत्सव असतो. घरांत तेलुगु, बाजारांत मराठी आणि शेजारीं कानडी असा व्यवहार तेथल्या लहान पोरासही अवघड जात नाहीं. लक्ष्मीनारायण बोल्ली यांच्यासारखा तेलुगुभाषी साळी मराठींत कविता लिहितो, तेलुगु वाङ्मय मराठींत आणतो, आणि ‘एका साळियाने’ या नांवाचें आत्मचरित्र मराठीच्या पदरीं घालतो, ही मराठीची हानि म्हणावी कीं वृद्धि, हें पाट्या मोजणारांनींच सांगावें.

याच शहरांत १९३० सालीं लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास चौघे फांशीं गेले: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन. या चार नांवांचा उगम शोधूं लागल्यास नकाशाच्या चार दिशा धुंडाळाव्या लागतील. मूळचा कोण आणि मागाहून आलेला कोण, हा हिशेब त्या वेळीं फांशीं देणाऱ्यासही सुचला नाहीं. तो आतां आपणांस सुचत आहे.

पण हें सोलापूर आपोआप घडलें नाहीं, आणि आम्हां मराठी सुशिक्षितांच्या औदार्यानें तर मुळींच घडलें नाहीं. तो समाज कुटुंबें घेऊन आला, म्हणून त्याला शाळा लागली. शाळा लागली म्हणून त्यानें ती काढली, आणि पुढें रुग्णालय व सहकारी संस्थाही उभारल्या. गिरणीचें दार सर्वांना एक, भोंगा एक, आणि म्हणून संपही एक. तेलुगु, मराठी, कानडी, उर्दू बोलणारे कामगार एकाच झेंड्याखालीं बसूं लागले, तेव्हां एकमेकांची भाषा शिकण्याची गरज त्यांना कोणी व्याख्यान देऊन पटवावी लागली नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे त्यांचीं नांवें मतदारयादींत चढलीं. पूर्व भागांतून नरसय्या आडम हे विधानसभेवर एकाहून अधिक वेळां निवडून गेले. त्यांच्या चळवळींतून कुंभारी येथें विडी कामगार स्त्रियांसाठीं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तिला गोदूताई परुळेकरांचें नांव दिलें गेलें, आणि २००६ सालीं पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्तें तीं घरें दिलीं गेलीं. आडम यांचें राजकारण आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस पसंत नसेल. तो प्रश्न येथें नाहीं. यादींत नांव नसतें तर त्या बायकांच्या घरांसाठीं एक वीटही कोणी रचली नसती, इतकेंच आम्हांस दाखवावयाचें आहे. गिरण्यांचे भोंगे थांबले, विडी वळणारीची मजुरी आजही लाज वाटावी इतकी आहे, आणि दारिद्र्य पूर्व भागांतून हललेलें नाहीं. पण तें दारिद्र्य सोलापूरकराचें आहे, परक्याचें नव्हे.

नुसत्या काळानें हें साधतें असेंही नाहीं. मालेगांवास उत्तर हिंदुस्थानांतून विणकर आले ते १८५७ नंतर, म्हणजे दीडशें वर्षांहून अधिक काळ लोटला. तरी मोसम नदीच्या दोन कांठांवर आजही दोन गांवें नांदतात. नदीवर पूल आहेत. पण वस्ती, शाळा आणि स्नेह हीं क्वचितच पुलावरून पलीकडे जातात. याचा दोष एका कांठावर टाकून मोकळें होणें सोपें आहे, आणि तें सोपें काम करणारे दोन्ही कांठांवर पुष्कळ आहेत.

आतां आजच्या आगंतुकाकडे पाहूं. तो कुटुंब घेऊन येत नाहीं. मुकादम किंवा गांवचा कोणी ओळखीचा त्याला आणतो. आठ-दहा महिने राबून तो सणाला किंवा पेरणीला परत जातो, आणि पुढल्या वर्षीं याच गांवीं येईल कीं दुसऱ्या, हें त्यालाही ठाऊक नसतें. त्याच्याबरोबर मूल नसतें, म्हणून शाळा नसते. बायको नसते, म्हणून शेजार नसतो. बारा तासांची पाळी करून आलेल्या मनुष्याला सभा-संघटना कोठली सुचणार? सोलापूरला ज्या वाटांनीं परका आपला झाला, त्यांपैकीं एकही वाट याच्यापुढें उघडी नाहीं.

याचा परिणाम काय होतो तें २०२० सालीं दिसलें. मार्च महिन्यांत टाळेबंदी पुकारली गेली. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत काम करणारे मध्यप्रदेशचे वीस मजूर मे महिन्यांत गांवीं जाणारी गाडी मिळेल या आशेनें पायीं निघाले. रुळांच्या कडेनें चालून थकले, गाड्या बंद आहेत या समजुतीनें रुळांवरच आडवे झाले, आणि ८ मे रोजीं पहांटे करमाडजवळ मालगाडीखालीं सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचें छायाचित्र घरोघर पाहिलें गेलें. परवान्यासाठीं अर्ज केले होते, ते आले नाहींत, असें वांचलेल्यांनीं सांगितलें. हा अपघात रेल्वेचा म्हणतां येईल, सरकारचा म्हणतां येईल. आम्ही विचारतों तें निराळें आहे. ज्या शहरांत हीं माणसें तापलेलें लोखंड ओढीत होतीं, त्या शहरांत ‘आज जाऊं नका, आमच्याकडे राहा’ असें ज्याच्या तोंडून त्यांना पटलें असतें असा एक तरी मनुष्य त्यांच्या ओळखीचा होता काय? आणि हीं माणसें जालन्याऐवजीं आपल्या गांवांतून निघालीं असतीं तर आपणांपैकीं कोण आडवा गेला असता? त्या दिवसांत अन्नाचीं पुडकीं वाटणारे हात गांवोगांव पुढें आले, हें आम्ही विसरलों नाहीं. पण पुडकें वाटसरूस देतात, शेजाऱ्यास नव्हे.

या अनोळखीपणाचें मूळ शोधूं लागलें तर तें भाषेंत सांपडत नाहीं. तें एका लहानशा कागदांत सांपडतें. तो कागद म्हणजे भाडेपावती. लहान शहरांत परप्रांतीय मजुरास खोली कोण देतो? कोणी मोठा जमीनदार नव्हे. आपल्यांतलाच निवृत्त कारकून, शिक्षक, किराणा दुकानदार. मागल्या अंगणांत पत्र्याच्या चार खोल्या, एकेका खोलींत सहा-आठ माणसें, भाडें माणशीं आणि रोख. पावती मिळत नाहीं. कारण पावती दिली कीं घरपट्टी वाढते आणि भाडेकरूचा हक्क लागूं होतो. पावती नाहीं म्हणून राहण्याचा पुरावा नाहीं. पुरावा नाहीं म्हणून गॅसचें सिलिंडर चढ्या दरानें घ्यावयाचें, बँकेंत हेलपाटे घालावयाचे, आणि मतदारयादीची तर गोष्टच नको. यादींत नांव नाहीं म्हणून त्या बोळाचें गटार कधीं बांधलें जात नाहीं. आणि गटार उघडें राहिलें कीं तोच घरमालक नाकाला रुमाल लावून सायंकाळीं वाचनालयाच्या कट्ट्यावर म्हणतो, “या लोकांनीं आमचें गांव घाण केलें!” आम्हीं हें वाक्य इतक्या सुसंस्कृत मुखांतून ऐकलें आहे कीं त्याचा आतां संतापही येत नाहीं.

कायदे नाहींत असें कोणी म्हणूं नये. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ सालचा. पांच किंवा अधिक परप्रांतीय मजूर जेथें असतील तेथें मालकानें नोंदणी करावी, ठेकेदारानें परवाना घ्यावा, मजुराला प्रवासभत्ता व राहण्यास योग्य जागा मिळावी, आणि तेंच काम करणाऱ्या स्थानिक कामगाराहून त्याला कमी वेतन देऊं नये, इतक्या गोष्टी त्यांत होत्या. पण यंत्रमागाच्या गांवांत शेड एक असते आणि कागदावर कारखाने चार असतात: एक स्वतःचा, एक भावाचा, एक बायकोचा, एक मेव्हण्याचा. इचलकरंजींत १९०४ सालीं विठ्ठलराव दातारांनीं पहिला यंत्रमाग चालविला, त्या वेळचें साहस आणि आजचें हें कागदी साहस यांची तुलना न केलेली बरी. २०२० च्या नव्या संहितेनें ती पांचाची मर्यादा दहावर नेली, म्हणजे कागद आणखी थोडे कमी फाडले तरी चालेल. ठेकेदारावांचून स्वतः होऊन येणाऱ्यासही तिनें व्याख्येंत घेतलें, हें मात्र बरें केलें. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें वयाच्या दाखल्यावांचून मुलाचा प्रवेश अडवितां येत नाहीं. २०१९ पासून एका राज्याच्या शिधापत्रिकेवर दुसऱ्या राज्यांत धान्य देण्याची व्यवस्था सुरू झाली, ती पुढें देशभर पोंचली. दिल्लीनें जें करावयाचें त्यांतलें बरेंच कागदावर केलें आहे. तें दारापर्यंत नेण्याचें काम नगरपालिकेचें, आणि तेथें सर्व अडतें.

‘मराठी शिका’ हा उपदेश आम्हांसही मान्य आहे. शिकावी, पण कोठें? मराठी सक्तीचा २०२० चा कायदा शाळांतील मुलांपुरता आहे. तीस वर्षांच्या प्रौढ मजुराला, त्याच्या पाळीच्या वेळा सांभाळून, बाजारांतली, दवाखान्यांतली, कचेरींतली मराठी तीन महिन्यांत शिकवील असा वर्ग आपल्या शहरांत भरतो काय, याची चौकशी वाचकांनीं अवश्य करावी. नगरवाचनालयाची खोली रात्रीं रिकामी असते. निवृत्त मराठी शिक्षक गांवोगांव आहेत. खर्च म्हणाल तर एका स्वागत-कमानीइतकाही नाहीं. ज्यानें भाषेसाठीं हात उगारला त्यानें त्याच हातानें एकदां फळ्यावर ‘अ’ काढून दाखवावा, मग त्याच्या भाषाप्रेमाचा आम्ही विचार करूं.

आणि आपलीच माणसें बाहेर गेलीं म्हणजे आपण काय मागतों? बेळगांवचे मराठी बांधव मराठी शाळा आणि मराठींत सरकारी कागद मागतात. ती मागणी न्याय्य आहे, आणि १९५६ सालीं घटनेंत घातलेल्या ३५०-अ या कलमाचा मराठी शाळांच्या मागणीस आधार आहे. तेंच कलम सोलापूरच्या तेलुगु आणि इचलकरंजीच्या हिंदी किंवा कानडी बोलणाऱ्या पोरालाही लागू आहे. मॉरिशसमध्यें ऊंसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांना तेथील सरकारी प्राथमिक शाळांत मराठी शिकतां येते, याचा आपण सोहळा करतों. अमेरिकेंत आपलीं मुलें-सुना शनिवार-रविवारीं मराठी शाळा चालवितात, गणपति बसवितात, आणि त्याचीं चित्रें पाहून आजी-आजोबांचे डोळे भरून येतात. तेथील शेजाऱ्यानें उद्यां “आमच्या देशांत राहावयाचें तर आरती इंग्रजींत म्हणा” असें सुनावलें तर त्याला आपण काय नांव ठेवूं? तेंच नांव येथें कोणाला शोभतें, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो सुशिक्षितांचा नसून गरिबांचा आहे. बाहेरचा कमी मजुरीवर राबतो, म्हणून स्थानिक तरुणाची भाकर जाते. हें खोटें नाहीं. पण मजुरी कमी कोण देतो? बाहेरचा मनुष्य स्वस्त पडतो तो त्याच्या जातीनें किंवा भाषेनें नव्हे. त्याला येथें नांव, पत्ता, मत आणि वाली नसतो म्हणून पडतो. मालकाला तो जितका परका तितका सोयीचा. याचा अर्थ असा कीं, त्याला हांकून देण्याची आरोळी आणि त्याला परका ठेवण्याची मालकाची सोय हीं एकमेकांस पोषक आहेत. आरोळीनें तो जात नाहीं, फक्त अधिक भेदरतो आणि अधिक स्वस्त होतो. स्थानिक तरुणाची मजुरी राखावयाची असेल तर शेजारच्या मागावरील परप्रांतीयालाही तीच मजुरी मिळाली पाहिजे. १९७९ च्या कायद्यानें तें सांगितलेंच होतें. त्याच्या अंमलबजावणीसाठीं मोर्चा निघाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. पाट्यांसाठीं मात्र निघतात.

नगरपालिकेनें करावयाच्या गोष्टी फार नाहींत. प्रत्येक प्रभागांत बाहेरून आलेल्यांची नोंद असावी, आणि ती पोलिसांच्या चौकींत नव्हे, दवाखान्यांत किंवा शाळेंत व्हावी. भाडेपावती न देणाऱ्या घरमालकास दंड असावा, आणि देणाऱ्यास घरपट्टींत पहिलीं कांहीं वर्षें सूट द्यावी. धाकाइतकाच लोभही उपयोगी पडतो. रात्रींचा मराठी वर्ग आम्हीं वर सांगितलाच. शहरांतील झाडांची दर पांच वर्षांनीं गणना करावी असा १९७५ सालचा कायदा आहे. त्यासाठीं अंदाजपत्रकांत रक्कम धरावी लागते. वडाची, पिंपळाची, गुलमोहराची नोंद होते. त्या झाडाखालीं पाळी संपवून निजलेला मनुष्य कोणत्या वहींत लिहावयाचा, याचें उत्तर महापालिकेच्या कोणत्याही खात्यापाशीं नाहीं.

असा ठराव कोणी मांडला तर ‘मतें जातील’ या भीतीनें नगरसेवक तो उचलून धरणार नाहींत, असें आम्हांस सांगण्यांत येतें. आमचा त्यावर विश्वास नाहीं. कितीजणांच्या मागल्या अंगणांत पत्र्याच्या खोल्या आहेत, तें घरपट्टीची वही आणि विजेचीं बिलें एकापुढें एक ठेवून कोणालाही एका दुपारांत काढतां येईल.